बेडरूमचं भिंतीतलं कपाट: प्लाय, एचडीएचएमआर की डब्ल्यूपीसी? (फोंडा, चिऱ्याचं घर)

कुळागरवालो
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय तर सांभाळून घ्या. आमचं घर फोंड्याच्या बाजूला, वडिलांनी बांधलेलं, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. मागच्या बेडरूममध्ये सात फूट रुंद, आठ फूट उंच असं फिक्स कपाट आणि खाली सामान ठेवायची सोय असलेला बेड करायचाय. आधीचं कपाट नऊ वर्षांत संपलं. गेल्या आठवड्यात बायकोने खालच्या खणातून लग्नातला शालू काढला तर त्याच्यावर हिरवट ठिपके, आणि मी मागची फळी बोटाने दाबली तर बोट आरपार गेलं, चहात बुडवलेलं बिस्किट जसं तुटतं तसं.
तीन जणांकडून कोटेशन आलंय. एक म्हणतो एचडीएचएमआरच (हाय डेन्सिटी हाय मॉइश्चर रेझिस्टन्स, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला, दमटपणा सोसणारा बोर्ड) करा, प्लायचे दिवस गेले. दुसरा म्हणतो बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारी) प्लाय, बाकी सगळा भुसा. तिसरा म्हणतो डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेला बोर्ड) लावा, पाण्यात टाकलंत तरी काही होत नाही. तिघेही एकमेकांच्या मालाला शिव्या घालतात. चवथीला पाहुणे येणार, त्याआधी काम उरकायचंय. काय करू?

म्हापसा_मुंबई
मरीन प्लाय, आयएस ७१० (तिचं भारतीय मानक), विषय संपला. पुढे वाचूही नका.

मेस्ताचो_पूत
पात्रांव, विषय इतक्यात संपत नाही. माझे वडील मेस्त, म्हणजे सुतार, मी त्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढली, आता वेगळं काम करतो म्हणून कुणाला काही विकायचं नाहीये, मोकळेपणी सांगतो.
७१० म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ती प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवली तरी तिचे थर सुटता कामा नयेत, असा नियम आहे. म्हणजे परीक्षा मुख्यतः गोंदाची आहे. साधी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्लाय युरिया गोंदाची असते, तो ओलीत दम सोडतो, ७१० मध्ये फिनॉलचा गोंद असतो तो सोडत नाही. पण गोंद टिकला म्हणून लाकूड पाणी प्यायचं थांबतं का? नाही. ओल्या भिंतीला टेकवलीत तर मरीन प्लायलाही बुरशी येते, कपड्यांना कुबट वास येतो, फक्त तिचे थर सुटत नाहीत एवढंच. तुमच्या वहिनींचा शालू प्लायचे थर सुटल्यामुळे खराब झालेला नाही.
मला आधी एवढंच सांगा, जुनं कपाट कुठून सडलं? पुढची दारं, वरचे कप्पे, की मागून आणि खालून?

कुळागरवालो
मागून आणि खालून. दारं अजून ठणठणीत आहेत, विकली तर कुणी घेईल. वरचे दोन खण पण चांगले. खालून साधारण तीन फुटांपर्यंत सगळा चोथा.

मेस्ताचो_पूत
मग तुमचा प्रश्न मटेरियलचा नाहीच, भिंतीचा आहे. उद्याच एक काम करा. कपाट काढलेल्या जागी दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा, एक जमिनीपासून एक फुटावर आणि दुसरा डोक्याच्या उंचीवर. दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आतून, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर जमतोय. दोन्हींचे उपाय वेगळे. हे न बघता जो कोटेशन देतो तो कपाट विकतोय, तुमच्या घराचा विचार करत नाहीये.

डिचोलीचे_आजोबा
मेस्ताच्या मुलाचं म्हणणं बरोबर. चिरा हा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि सोडतो, त्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे. आमच्या जुन्या घरात माझ्या आजीचं फणसाच्या लाकडाचं कपाट आजही आहे. नवं असताना हळदीसारखं पिवळं होतं म्हणे, आता काजूच्या काढ्यासारखा रंग झालाय. ते टिकलं ते फणसाच्या पुण्याईने नव्हे हो, फणसाला सुद्धा ओल लागली तर सडतोच. त्याला चार पाय आहेत, वीतभर उंच. आणि भिंतीपासून हात आत जाईल एवढं लांब ठेवलेलं, कारण आजी दर आठवड्याला मागून केरसुणी फिरवायची. पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या वाट्यांत एकदा माझा दात पडला होता, ती गोष्ट वेगळी.
आणि पश्चिमेच्या भिंतीला मिरगाच्या आधी झावळ्यांची विणलेली झापं बांधायचे. झड त्या झापांवरच अडायची. आता भिंत उघडी ठेवायची, वर कपाट तिला चिकटवून ठोकायचं, मग प्लायला दोष द्यायचा. तुम्ही फिक्स म्हणता ना, त्यातच खरी मेख आहे.

वास्कोकरीण
मी फ्लॅटमधली, तिसरा मजला, समुद्र खिडकीतून दिसतो. भिंतीची ओल नाही पण खाऱ्या हवेचं काय करायचं ते मला विचारा 😅 आमच्या कपाटाची प्लाय उत्तम आहे आणि बिजागऱ्या मेल्या. स्वस्तातल्या निकेल चढवलेल्या होत्या, तिसऱ्या पावसाळ्यात तांबूस झाल्या, पाचव्या वर्षी एक दार हातातच आलं. आता सगळ्या स्टेनलेसच्या ३०४ ग्रेडच्या बसवल्यात. आणि ऐका, बिजागरी ३०४ ची आणली पण मेस्ताने स्क्रू त्याच्या डब्यातले साधे वापरले, ते आधी गंजले आणि गंजाचे डाग लॅमिनेटवर ओघळले. म्हणून स्क्रू पण स्वतः विकत घेऊन त्याच्या हातात द्या. खिळे तर मारूच देऊ नका.
फोंड्यात मीठ कमी असेल पण पाऊस आमच्यापेक्षा जास्त असतो तुमच्याकडे.

म्हापसा_मुंबई
ठीक आहे, विषय संपला नाही, मान्य 🙏 पण माझा अनुभव पण ऐका. आमचं म्हापशाचं घर जून ते सप्टेंबर बंद असतं. ७१० लावलीय, एकही फळी फुगली नाही. मात्र ऑक्टोबरात दार उघडलं की आतून पांढरी पावडर, चामड्याचा पट्टा तर केसाळ झाला होता. डांबरगोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला, सगळं करून झालं.

मेस्ताचो_पूत
कापराने वास जातो, ओल कशी जाईल? चार महिने बंद घरात हवा हलतच नाही. दारांना जाळी किंवा झडपेच्या पट्ट्या करून घ्या, मागच्या फळीला वर आणि खाली भोकं पाडा म्हणजे हवा खालून शिरून वरून निघेल. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल तर उघडीप मिळेल त्या दिवशी दारं सताड उघडी ठेवायला सांगा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते चालतात, पण पाणी भरलं की बदलावे लागतात, सांडलं तर ते खारं पाणी लॅमिनेटपेक्षा बिजागरीला जास्त खातं.

कुळागरवालो
रिझल्ट आला मंडळी. खालच्या प्लॅस्टिकच्या आत भिंतीकडून थेंबच थेंब, बोटाने नाव लिहिता येईल एवढे. वरचं कोरडं. आणि एक लाजिरवाणी गोष्ट, त्या भिंतीच्या बाहेर आईची अबोली आणि जास्वंद आहे, वर्षानुवर्षं माती टाकून टाकून वाफा एवढा वर आलाय की बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा चांगली फूटभर उंच आहे. आम्ही रोज तिथेच पाणी घालतो.

डिचोलीचे_आजोबा
तरी मी म्हणतो जोतं कशाला बांधतात!

लाल_माती
आधीच सांगते, मी मडगावात इंटिरियरचं काम करते, त्यामुळे माझा स्वार्थ आहे असं समजूनच वाचा. तुमच्याकडे काम मागत नाहीये.
पहिलं काम कुदळीचं. वाफा भिंतीपासून दोन फूट लांब न्या आणि माती फरशीच्या पातळीच्या खाली उतरवा. पागोळ्या भिंतीजवळ पडत असतील तर कौलं थोडी पुढे काढा नाहीतर पन्हळ लावा. बाहेरून गिलावा करून घ्या. आतून नुसता वॉटरप्रूफ रंग मारून घेऊ नका, तो रंग ओलीला बाहेर येऊ देत नाही, मग ती भिंतीतल्या भिंतीत वर चढते आणि रंगाच्या वर पोपडे धरतात. आणि हे सगळं झालं की भिंतीला वाळायला वेळ द्या. म्हणजे चवथीच्या आधी कपाट विसरा. भर पावसात केलेल्या कामात प्लाय आणि लाकूड दोन्ही फुगलेली असतात, उन्हाळ्यात आकसली की दारांच्या फटी वाकड्या होतात. दिवाळीनंतर करा.
आता मटेरियल. एकच माल सगळीकडे लावायचा हा हट्ट सोडा, कुठली जागा आहे ते बघून माल ठरवा.
तळाला लाकूड नकोच. चार-पाच इंच उंचीचा विटांचा कट्टा करून वर ग्रॅनाइट किंवा कडप्पा टाका, कपाट त्याच्यावर बसेल. पोछ्याचं पाणी, पावसाचं पाणी, वाळवी, तिघांना पहिला अडथळा. कट्टा नको असेल तर खालची पट्टी डब्ल्यूपीसीची, तिचा उपयोग तिथे आहे.
बाजू, मधल्या उभ्या फळ्या, कप्पे हे ७१० प्लायचे, १९ मिमी. सात फुटांचे तीन खण करा म्हणजे प्रत्येक फळी सव्वादोन फुटांची येते. तीन फुटांच्या पुढे आधाराशिवाय फळी टाकली की चादरींच्या वजनाने तिला झोळ येतो, मग ती प्लाय असो नाहीतर देवाघरची.
पाठ भिंतीला चिकटवायची नाही. दीड-दोन इंच जागा सोडून फळी लावायची, तीही ६ मिमीची फडफडणारी नको, ९ किंवा १२ ची घ्या. भिंतीकडच्या बाजूला लायनर (न दिसणाऱ्या बाजूचं पातळ) लॅमिनेट नाहीतर निदान दोन हात प्रायमर-रंग. बहुतेक ठिकाणी ही बाजू कोरी सोडतात कारण कुणाला दिसत नाही, आणि सगळ्यात आधी ओल पिते ती तीच.

म्हापसा_मुंबई
आणि डब्ल्यूपीसीवाला म्हणतो पाण्यात टाका, त्याचं काय? ते तर सडतच नाही.

लाल_माती
सडत नाही, वाळवी खात नाही, खरंय. पण स्क्रू धरत नाही. दाराची बिजागरी रोज उघडझाप करून दोन-तीन वर्षांत ढिली होते, मग भोकात काड्या कोंबायच्या. कप्पे लांब असतील तर वाकतात, उन्हाने तापून किंचित वाढतात सुद्धा. आणि डब्ल्यूपीसी सांगून साधा पीव्हीसी फोम बोर्ड देणारेही आहेत, हातात घेतलात की वजनावरून कळतं. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट असेल तर मी स्वतः वापरते, पण संपूर्ण वॉर्डरोब नाही.

पेडण्याचो_भाऊ
एचडीएचएमआरला एवढं नाकारू नका हो. माझ्या दोन खोल्या त्याच्याच आहेत, पाच वर्षं झाली, दारं आरशासारखी सपाट. प्लायच्या दारासारखं पीळ घेत नाही.

लाल_माती
नाकारत नाहीये. दारांसाठी छान आहे, पृष्ठभाग सपाट असतो. मात्र त्याच्या नावात आहे ते ओलीला दाद न देणं, पाण्याला नाही. कापलेल्या कडेवर पाणी साचून राहिलं तर तेही फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. म्हणून कडा मशीनवर बंद झालेल्या पाहिजेत, साइटवर हाताने पट्टी चिकटवून नाही. दुसरं वजन. १८ मिमीचं आठ बाय चारचं एक शीट ४५ किलोच्या आसपास भरतं. सात फुटी दार वीस इंच रुंद केलं तर एकटं सोळा-सतरा किलो. त्याला दोन बिजागऱ्या लावणारे महाभाग मी बघितलेत. चार तरी हव्यात, आणि त्या ज्या उभ्या फळीला लागतात ती प्लायची असली तर उत्तम.

मेस्ताचो_पूत
उंच दारासाठी वडील ब्लॉकबोर्ड घ्यायचे, पाइनच्या पट्ट्यांचा. सात फुटाला प्लाय पिळते, ब्लॉकबोर्ड सरळ राहतो. फक्त आत पोकळ्या नाहीत ना ते कापल्यावर बघायचं, आणि गोंद फिनॉलचा असलेलाच घ्यायचा.
आणि पिळावरून आठवलं, हे कुणी सांगत नाही. दाराला बाहेरून १ मिमीचं लॅमिनेट लावतात आणि आतून पैसे वाचवायला नुसता रंग. मग पावसाळ्यात आतली बाजू हवेतलं पाणी पिऊन फुगते, बाहेरची लॅमिनेटने जखडलेली, दार धनुष्यासारखं वाकतं. गिऱ्हाईक म्हणतं प्लाय खराब. प्लाय बिचारी काय करणार! दोन्हीकडून लॅमिनेट लावा, शक्यतो सारख्याच जाडीचं. गोंद साधा पांढरा नको, मरीन म्हणून वेगळा येतो तो मागा आणि डबा आपल्यासमोर उघडायला सांगा.

कुळागरवालो
प्लाय खरी की खोटी हे ओळखायचं कसं? दुकानदार म्हणतो कडेला काळी रेघ दिसतेय म्हणजे मरीन.

मेस्ताचो_पूत
काळ्या रेघेवर जाऊ नका, गोंदात रंग घालूनही रेघ काळी करता येते. शिक्क्यात आयएसआयची खूण, ७१० आकडा आणि परवाना नंबर तिन्ही बघा, नंबर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. मग कापताना उरलेला वीतभर तुकडा घरी आणून पाच-सहा तास उकळा. ७२ तास उकळायला गॅस कुणाकडे आहे! खोटी असेल तर तेवढ्यातच थर पुस्तकासारखे उघडतात. वहिनींचं चांगलं पातेलं घेऊ नका म्हणजे झालं, त्याला जो वास लागतो तो जात नाही, हा स्वानुभव.

पेडण्याचो_भाऊ
७१० म्हणजे खर्च दुप्पट ना?

लाल_माती
सगळे हेच समजतात. एवढ्या कपाटाला १९ मिमीची सात शीट लागतात, म्हणजे २२४ चौरस फूट. माझ्या गेल्या महिन्याच्या बिलात एमआर आणि ७१० मधला फरक फुटाला ४५ रुपये होता. झाले दहा हजार ऐंशी. मजुरी, लॅमिनेट, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल दोन्हीकडे तेच. तेवढे पैसे आतले एलईडी दिवे काढले तरी सुटतात.

वास्कोकरीण
वाळवीचं कुणी बोललंच नाही अजून! आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे पुस्तकांचं कपाट आतून पोकळ झालेलं, वरून लॅमिनेट नवं कोरं.

मेस्ताचो_पूत
वाळवी जमिनीतून भिंतीच्या कडेने मातीची नळी करत येते. म्हणून कपाट बसवायच्या आधी, भिंत आणि फरशीच्या सांध्याला फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध भरून घ्यायचं, जाणकाराकडूनच. कपाट बसल्यावर करायला गेलात तर नेमकी मागची जागा हाताला लागत नाही. आजोबांच्या कपाटाच्या मागे आजीचा हात जात होता ना, तेच. आणि लाकडी पट्ट्या, बीडिंग सागाच्या नाहीतर औषध मारलेल्या घ्या, कच्च्या रबरवूडमध्ये भुंगा लागतो, पिठासारखी भुकटी पडायला लागते.

डिचोलीचे_आजोबा
बेडचं पण सांगा कुणीतरी त्यांना. आमच्या सूनबाईंनी हायड्रॉलिकवाला आणला, वर सलग फळी. दोन पावसाळ्यांत गादीच्या पोटाला काळे डाग.

वास्कोकरीण
हो हो, आमचं पण सेम! मग सुताराने फळीला इंचाइंचाची भोकं पाडून दिली, प्रत्येक वीतभर अंतरावर, आणि आता उघडीप मिळाली की गादी उभी करून ठेवते. नवीन करताय तर सलग फळीऐवजी पट्ट्याच टाका मध्ये फट ठेवून. अंगाच्या घामाची वाफ खाली जाते तिला वाट पाहिजे ना.

कुळागरवालो
मंडळी, देव बरें करूं. ठरलं. कपाट दिवाळीनंतर. तिन्ही कोटेशनवाल्यांना फोन करून सांगितलं की भिंत वाळल्यावर बोलू, त्यातला फक्त बीडब्ल्यूआरवाला म्हणाला की भिंत बघायला येऊ का. त्यालाच काम देईन बहुतेक, माल ७१० चा लावायच्या अटीवर. चवथीला कपडे बैठकीतल्या दोरीवर आणि पेटाऱ्यात. वाफा हलवायचं आईला सांगितलं तर ती दोन दिवस बोलली नाही.

कुळागरवालो
(नोव्हेंबरातला अपडेट) वाफा हलवला, अबोली जगली, एक जास्वंद गेली. बाहेर गिलावा झाला, कौलांच्या खाली पन्हळ लावली. ऑक्टोबरच्या शेवटी परत प्लॅस्टिक लावून बघितलं, खाली चार-पाच बारीक थेंब होते, मग अजून तीन आठवडे थांबलो. परवा लावलेलं आज काढलं, कोरडं. सांध्याला औषध भरून झालं. कडप्प्याचा कट्टा तयार आहे, प्लाय उद्या येतेय. तुकडा उकळायला जुना कुकर काढलाय, शिटी काढून.

मेस्ताचो_पूत
झाकण पण काढ रे बाबा, नाहीतर फुगेल ती प्लाय नव्हे, तुमच्या घरातली भांडणं. आणि पाठीमागची बाजू रंगवल्याचा फोटो टाक, बसवायच्या आधी. बसल्यावर मेस्त म्हणेल रंगवलीय, आणि तू बघणार कुठून?